पोट सुटलेली विमाने

भोपाळ शहराच्या पूर्वेस, रायसेनकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून सोनागिरी नावाची वस्ती आहे. नाव ऐकून कोणी सोन्याचा डोंगर पाहावयास जाईल तर त्याची निराशाच व्हावयाची. पिपलानीच्या शेजारची ही साधी मध्यमवर्गीय वसाहत असून तिचे जीवन निगडित आहे ते जवळच्या ‘भेल’च्या कारखान्याशी. १९५६ साली ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ या नावाने या उद्योगाची नोंदणी झाली, ब्रिटनमधील ए.ई.आय. कंपनीचे तांत्रिक साहाय्य मिळाले आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. जलविद्युत्‌केंद्रांची टर्बाइने, प्रचंड रोहित्रे, रेल्वे-एंजिनांच्या मोटारी हे तेथील उत्पादन. मराठी माणसे तेथे पहिल्यापासून आहेत. गेल्या हिवाळ्यात आमचा मुक्काम सोनागिरीस अशाच एका घरी, आमच्या मावसबहिणीच्या यजमानांकडे होता. ते कारखान्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. संध्याकाळी गप्पांच्या ओघात त्यांच्या नातवाने एक छायाचित्र पुढे केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोलकात्याला व नंतर मुंबईला उतरलेल्या एअरबस कंपनीच्या ‘बेलुगा’ विमानाचे ते चित्र होते. कपाळाला टेंगूळ आलेल्या देवमाशासारखे ते ध्यान पाहून मुंबई विमानतळावर प्रवासीच काय, रोज शेकडो विमाने पाहणारे कर्मचारीही थबकले होते. पोराने आजोबांना विचारले, ‘‘आबा, तुमचे ट्रान्सफॉर्मर यातून का नाही पाठवत?’’

आबा हसले. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा खचित नव्हता. भोपाळहून समुद्र गाठावयाचा म्हणजे मुंबईपर्यंत साडेसातशे किलोमीटरांहून अधिक मजल. तेल काढून घेतलेले रोहित्रदेखील शंभर-दोनशे टनांचे असते. ते शेकडो चाकांच्या ट्रेलरवर चढवावयाचे, वाटेतील प्रत्येक पुलाची ताकद आधी तपासावयाची, विजेच्या तारा काठीने उचलून धरावयाच्या, आणि रहदारी निजल्यावर माणसाच्या चालीने पुढे सरकावयाचे, अशी ही यात्रा. ज्यांनी ती एकदा पाहिली त्यांना कारखान्यात यंत्र घडवणे हे अर्धेच काम असते, हे निराळे सांगावे लागत नाही.

या पोट सुटलेल्या विमानांचा जन्मही अशाच एका अडलेल्या वाटेतून झाला. अमेरिकेने चंद्रावर माणूस उतरविण्याची प्रतिज्ञा केली तेव्हा अग्निबाणांचे वरचे टप्पे कॅलिफोर्नियात तयार होत आणि उडवावयाचे ते फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून. मध्ये अख्खे खंड पसरलेले. रेल्वेने न्यावे तर बोगदे आड येत, आणि रस्त्याने न्यावे तर पूल. तेव्हा उरला एकच मार्ग, समुद्राचा. मांडवी-जुवारीतून खनिज वाहणाऱ्या बार्जी आपल्या वाचकांनी पाहिल्या आहेत. तसल्याच एखाद्या सपाट नौकेवर अग्निबाणाचा टप्पा चढवावयाचा, पनामा कालव्यातून जावयाचे आणि तीन आठवड्यांनी पैलतीराला लागावयाचे. चंद्रावर जाण्याची घाई आणि नौकेची चाल यांचा मेळ बसेना.

या अडचणीतून वाट काढली ती कोणा शास्त्रज्ञाने नव्हे. जॅक कॉनरॉय हा युद्धात बाँबफेकी विमान चालविलेला, शत्रूच्या कैदेत राहून आलेला वैमानिक. त्या सुमारास जेट विमाने आल्यामुळे बोइंगची ‘स्ट्रॅटोक्रूझर’ ही चार पंख्यांची, एकेकाळी श्रीमंतांची मानली जाणारी प्रवासी विमाने भंगाराच्या भावात निघाली होती. ली मॅन्सडॉर्फ नावाच्या विमान-दलालाकडे अशी काही विमाने पडून होती. कॉनरॉयने त्यांतील एक घेतले, दुसऱ्याचा तुकडा कापून पहिल्याच्या धडात घालून त्याची लांबी पाच मीटरांनी वाढविली आणि वर सहा मीटर व्यासाचा एक प्रचंड घुमट चढविला. पाठीकडचा भाग सुटा करून माल आत ढकलावयाचा व भाग परत जोडावयाचा, अशी योजना होती. बड्या कंपन्यांतील तज्ज्ञांनी नाके मुरडली. कॉनरॉय कर्जात बुडाला. १९ सप्टेंबर १९६२ रोजी हे विमान कॅलिफोर्नियातील व्हॅन नायस येथून प्रथम उडाले तेव्हा विमानतळाच्या अधिकाऱ्यांनी अपघात गृहीत धरून पोलिसांना व अग्निशामक दलाला आधीच सूचना देऊन ठेवली होती! विमान बिनबोभाट उडाले व बिनबोभाट उतरले.

त्याचे नाव पडले ‘प्रेग्नंट गप्पी’. डासांच्या बंदोबस्तासाठी नगरपालिकेची माणसे विहिरीत सोडतात ते गप्पी मासे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक आहेत. गप्पीची मादी अंडी घालीत नाही, जिवंत पिले प्रसवते, आणि गाभण असताना तिचे पोट जसे फुगते अगदी तसे हे विमान दिसे. गाबोळीने तटतटलेली मासळी बाजारात पारखून घेणाऱ्या आमच्या किनाऱ्याला या नावाची गंमत अधिक कळावी. समुद्रमार्गाने तीन आठवड्यांचा तो प्रवास गप्पीने सुमारे अठरा तासांवर आणला. पुढे ३१ ऑगस्ट १९६५ रोजी तिची थोरली बहीण ‘सुपर गप्पी’ उडाली. हिच्या पोटाची रुंदी साडेसात मीटरांच्या घरात, आणि नाकासकट सारी मुंडीच बाजूला वळविता येत असे. ही वाट नेहमीच सुखाची होती असेही नाही. त्याच सप्टेंबरात चाचणीच्या उड्डाणात तिच्या वरच्या घुमटाचा भाग वाऱ्याच्या दाबाने आत चेपला गेला. वैमानिकांनी तशाही स्थितीत ती सुखरूप उतरविली, घुमट अधिक भक्कम करण्यात आला आणि सॅटर्न-५ या चांद्र-अग्निबाणाचा तिसरा टप्पा तिच्याच पोटातून फ्लॉरिडाला जाऊ लागला. चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्यांची नावे जगाने पाठ केली. १९७९ साली मरण पावलेल्या कॉनरॉयचे नाव मात्र विमानविद्येच्या ग्रंथांबाहेर फारसे कोणी घेत नाही.

इथून ही कथा अंतराळाकडून युरोपच्या राजकारणाकडे वळते. फ्रान्स, जर्मनी व ब्रिटनमधील उद्योग, आणि मागाहून स्पेन, यांनी मिळून एअरबसचा घाट घातला तेव्हा प्रत्येकाला कामात आपला हिस्सा हवा होता. पंख ब्रिटनमध्ये, धडाचे मोठे भाग जर्मनीत, शेपटीचे भाग स्पेनमध्ये आणि जोडणी फ्रान्समधील तुलूझला. एकाच घरातील चार भावांनी चार गावांत चूल मांडावी आणि जेवावयाला मात्र एका पंक्तीला बसावे, त्यातलाच हा प्रकार. चारही ठिकाणचे ताट एकत्र आणणार कोण? एअरबसने अमेरिकेतील गप्प्या विकत घेतल्या. १९७६ साली आपल्या इंडियन एअरलाइन्सने पहिली एअरबस घेतली आणि मुंबई-दिल्लीच्या प्रवाशांना तिची अपूर्वाई वाटली. त्या जातीच्या विमानांचे अवयव अशा एका जुन्या बोइंगच्या पोटातून गोळा होत असत, आणि ते बोइंग म्हणजे एअरबसच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याची निर्मिती! युरोपात यावर विनोद होत असत. ते एअरबसच्या अधिकाऱ्यांना गोड लागत नसणार.

म्हणून त्यांनी आपल्याच ए-३०० विमानावर घुमट चढविला. बेलुगा म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा पांढरा देवमासा, त्याचे नाव या विमानाला चिकटले. १३ सप्टेंबर १९९४ रोजी त्याने पहिले उड्डाण केले आणि अशी एकूण पाच विमाने बांधण्यात आली. यातील खरी हुशारी घुमटात नसून वैमानिकाच्या खोलीत आहे. सुपर गप्पीची मुंडी वळवावयाची म्हणजे वैमानिकाकडून यंत्रांकडे जाणाऱ्या सगळ्या जोडण्या प्रत्येक वेळी सोडवावयाच्या व पुन्हा जोडावयाच्या. बेलुगात वैमानिकाची खोलीच मालाच्या तळापेक्षा खाली घेतली. त्यामुळे त्याच्या डोक्यावरचा दरवाजा सरळ वर उघडतो आणि एकाही तारेला हात लावावा लागत नाही. पुढे ए-३३० वरून घडविलेले ‘बेलुगा एक्सएल’ १९ जुलै २०१८ रोजी उडाले आणि २०२० पासून कामाला लागले. ए-३५० विमानाचे दोन्ही पंख ते एका खेपेस नेते. त्याच्या तोंडावर डोळे आणि हसरे ओठ रंगविले आहेत. कंपनीच्या कामगारांनी मते देऊन ती रंगसंगती निवडली. गंभीर प्रकृतीच्या आमच्यासारख्या माणसालाही ते चित्र पाहून हसू आवरत नाही.

बोइंगनेही हीच वाट धरली. ७८७ विमानाचे पंख जपानातील नागोयाहून व धडाचे भाग इटलीतून आणावयाचे ठरल्यावर जुनी ७४७-४०० प्रवासी विमाने घेऊन तैवानात त्यांना पोट काढण्यात आले. ‘ड्रीमलिफ्टर’ या नावाचे असे पहिले विमान ९ सप्टेंबर २००६ रोजी उडाले. अशी एकंदर चार विमाने आहेत. त्यांची शेपटी दारासारखी उघडते आणि पोटात १८४० घनमीटर माल मावतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतील विचिटा शहरी हे धूड रात्री नेमक्या तळाऐवजी शेजारच्या लहानशा विमानतळावर उतरले. लग्नाला निघालेले वऱ्हाड दुसऱ्याच मांडवात शिरावे तसे! दुसऱ्या दिवशी त्या आखूड धावपट्टीवरून ते उडेल की नाही, हे पाहावयाला गाव जमला होता. उडाले, आणि काही मिनिटांत योग्य ठिकाणी पोहोचले.

आता पोराच्या प्रश्नाकडे येऊ. या विमानांच्या आकाराने भुलून जो त्यांना बलिष्ठ समजेल तो फसेल. सुपर गप्पी उचलीत असे सुमारे २४ टन, पहिले बेलुगा ४७ टन, एक्सएल ५१ टन. भारतीय हवाई दलाकडे असलेले सी-१७ विमान दिसावयाला कितीतरी आटोपशीर, पण ते ७७ टन नेते. म्हणजे पोट सुटलेली ही विमाने वजन वाहण्यासाठी नाहीतच. ती जागा वाहतात. पंख, धडाचे नळे, अग्निबाणाचे रिते टप्पे, उपग्रह या साऱ्या वस्तू अवाढव्य खऱ्या, पण आतून पोकळ. १९९९ साली फ्रान्सने आपले एक जगप्रसिद्ध चित्र, दलाक्रवाचे स्वातंत्र्यदेवतेचे, टोकियोच्या प्रदर्शनासाठी बेलुगातून पाठविले. बेलुगाच्या पोटात हवेचा दाब राखण्याची सोय नसल्याने त्या चित्रासाठी निराळी बंद पेटी करावी लागली. चित्राचे ओझे ते काय! अडचण होती ती त्याच्या लांबीरुंदीची. भोपाळचे रोहित्र याच्या अगदी उलट, आटोपशीर आकाराचे आणि लोखंड-तांब्याने गच्च भरलेले. ते बेलुगात सहज मावेल, पण बेलुगा जमिनीवरून हलणार नाही.

असा भार आकाशातून गेलाच नाही असे मात्र नाही. ऑगस्ट २००९ मध्ये आर्मेनियातील एका वीजकेंद्रासाठी जर्मनीतून १८७ टनांहून जड जनित्र एकाच नगात विमानाने गेले. ते विमान होते युक्रेनचे आंतोनोव-२२५. जन्मापासून मालवाहू, सोव्हिएत अंतराळयान पाठीवर घेण्यासाठी बांधलेले आणि जगात एकमेव. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन आक्रमणात कीवजवळच्या तळावर ते उद्ध्वस्त झाले. म्हणजे आबांच्या रोहित्राला आकाशाची जी एक दिंडी किलकिली होती तीही बंद झाली. विमानाची मदत भलत्याच परीने उपयोगी पडते याचा अनुभव मध्य प्रदेशाने एप्रिल २०२१ मध्ये घेतला. प्राणवायूसाठी माणसे तडफडत असता इंदूरहून व आपल्या पुण्याहूनही हवाई दलाच्या सी-१७ विमानांनी प्राणवायूचे टँकर जामनगरला नेले, पण ते रिकामे. भरलेला द्रवरूप प्राणवायू विमानात घेणे धोक्याचे असल्याने परतीचा प्रवास रस्त्याने व रेल्वेने झाला. रिकामे भांडे वेगाने पोहोचवून विमानाने वाटेचा निम्मा वेळ वाचविला, एवढेच; आणि त्या दिवसांत तेवढ्यानेही जीव वाचले. भोपाळच्या ‘भेल’नेही तेव्हा आपल्या प्रकल्पातून रुग्णालयांसाठी प्राणवायूचे सिलिंडर भरून दिले.

आमच्या मते खरा विचार करावयाचा तो निराळ्याच गोष्टीचा. जगाच्या विमानउद्योगात कोणाच्या वाट्याला कोणते काम यावे, हे केवळ कारागिराच्या बोटांवर ठरत नाही. घडविलेली वस्तू कोणत्या वाटेने जाणार यावरही ते ठरते. नागोयाला पंख मिळाले, कारण तिथून पंख उचलून नेणारे विमान बोइंगने स्वतः बांधले. त्याच ७८७ विमानाच्या जमिनीखालचे आडवे वासे आमच्या नागपुरास, मिहानमधील टाटांच्या कारखान्यात बनले. काम उच्च प्रतीचे, वस्तू कार्बनतंतूंची आणि मापात तिळमात्र चूक न खपणारी. परंतु ते वासे खोक्यात मावतात. बेंगळुरूला विमानांचे दरवाजे झाले, हैदराबादला हेलिकॉप्टरची धडे व विमानांच्या शेपट्यांचे भाग झाले. हळूहळू आकार वाढतो आहे, हे समाधानाचे आहे. बडोद्यास ऑक्टोबर २०२४ मध्ये सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाच्या जोडणीचा कारखाना सुरू झाला, हेही मोठे पाऊल. तरीही खोक्यात मावेल तेवढे काम आपले आणि न मावणारे दुसऱ्याचे, ही रेघ अजून पुरती पुसली गेलेली नाही.

मग भारतानेही एखादी गप्पी पाळावी काय? हा मोह आवरला पाहिजे. एअरबसने आपली पहिली पाच बेलुगा विमाने कामातून मोकळी होऊ लागताच जानेवारी २०२२ मध्ये ती बाहेरच्या गिऱ्हाइकांना भाड्याने देण्याचा व्यवसाय काढला. जगभर उपग्रह, हेलिकॉप्टरे, अवाढव्य यंत्रे यांची ने-आण चालते. तेव्हा धंदा जोरात चालेल अशी अटकळ होती. तीन वर्षांत, जानेवारी २०२५ मध्ये, कंपनीने तो गुंडाळला. विमान तयार, वैमानिक तयार, नावलौकिक जगभर, आणि तरीही जमले नाही. नियमित घरचे काम असेल तरच हा हत्ती पोसतो.

याहून बोलके उदाहरण खुद्द एअरबसचे. ए-३८० हे दुमजली विमान काढले तेव्हा त्याचे भाग बेलुगातही मावेनात. आकाशाचा राजमार्ग बांधून बसलेल्या त्या कंपनीला शेवटी पाण्याचीच आठवण झाली. ते भाग जहाजाने बोर्दोजवळ येत, तेथून बार्जीवर चढून गारोन नदीने लाँगाँपर्यंत जात आणि पुढे रात्रीच्या वेळी ट्रेलरांच्या ताफ्याने तुलूझला पोहोचत. वाटेत लेव्हिन्याक नावाच्या खेड्यात घरांच्या भिंती आणि विमानाचे धड यांत जेमतेम हातभर फट राही आणि खेडूत खिडक्यांतून तो सोहळा पाहत. नदी, बार्ज, ट्रेलर आणि रात्र! सोनागिरीच्या आबांना यातले काहीही परके वाटले नसते.

आपल्याकडे मात्र ही साखळी मधेच तुटते. जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून एक ट्रेलर तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे निघाला. त्यावर अंतराळयानांचे भाग दाबाखाली भाजून काढणारी प्रचंड भट्टी होती. वजन सत्तर टन, उंची साडेसात मीटर. वाटेत झाडे तोडावी लागली, तारा हलवाव्या लागल्या, रस्ते दुरुस्त करावे लागले आणि मधेच महासाथीची टाळेबंदी आली. सतराशे किलोमीटरांची ती मजल संपली जुलै २०२० मध्ये. एक वर्ष! चंद्राला प्रदक्षिणा घालणारे यान सोडणाऱ्या देशाची ही भूचाल. आणि ज्या थुंब्याला हे केंद्र आहे ते गाव ऐन अरबी समुद्राच्या काठी, आमच्याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाशी! सत्तर टनांची भट्टी कोणत्याही बेलुगाच्या आटोक्याबाहेरची होती, पण एखाद्या मध्यम बार्जीला ती जड झाली नसती. उणीव होती ती दोन्ही टोकांना असा नग उचलणाऱ्या धक्क्यांची आणि धक्क्यापर्यंतच्या चार-दोन रुंद रस्त्यांची. विळिंजमचे बंदर तेव्हा पुरे झालेले नव्हते, आणि कोकण-गोमंतकातील लहान बंदरांचा असा विचार कोणाच्या मनात येत असल्याची चिन्हे आजही दिसत नाहीत. वालचंदनगरच्या कारखान्यात घडणारी अग्निबाणांची कवचे रस्त्याच्या मापाने तुकड्यातुकड्यांतच करावी लागतात. उद्या अग्निबाण याहून जाड झाले तर काय, याचा निर्णय अभियंत्यांआधी रस्ते आणि पूल बांधणारे खाते घेऊन मोकळे होईल.

गोव्यात २०१२ च्या खाणबंदीनंतर कितीतरी बार्जी नदीकाठी गंजत पडल्या. ज्यांनी कर्ज काढून त्या घेतल्या त्यांची घरे कशी चालली हे वाचकांस सांगावयास नको. या बार्जी जशाच्या तशा दोनशे टनी रोहित्रे वाहतील असे आम्ही म्हणत नाही. त्यांना फेरबदल लागेल आणि उघड्या समुद्रात जावयाचे तर निराळी नौकाच लागेल. पण बंदरखात्याने, रेल्वेने आणि ‘भेल’सारख्या कारखान्यांनी एकत्र बसून भोपाळपासून किनाऱ्यापर्यंतची एक पक्की वाट आखावी, तिच्यावरील पूल एकदाच भक्कम करावेत आणि तिच्या टोकाला एक जड मालाचा धक्का बांधावा, ही मागणी अवास्तव खचित नाही. दर वेळी नव्याने परवानग्या, नव्याने पुलांची तपासणी, नव्याने तारा उचलणे यांत जो पैसा व वेळ जातो त्याचा हिशेब संबंधित खात्यांनी एकदा मांडून लोकांपुढे ठेवावा.

सोनागिरीहून निघण्याच्या आदल्या रात्री आबा आम्हांला रायसेन रस्त्यापर्यंत घेऊन गेले. अकरा वाजून गेले होते. लांबून पिवळे दिवे लुकलुकत येताना दिसले. पुढे दोघे जण बांबू खांद्यावर घेऊन चालत होते, मागे तो ताडपत्रीखाली झाकलेला डोंगर. नातू जागा राहिला होता. चाके मोजता मोजता त्याचा आकडा दोनदा चुकला. आबा म्हणाले, ‘‘पुढच्या नाक्यावर तारा खाली आहेत, तिथे अर्धा तास जाईल.’’ आम्ही तिथे थांबलो. पाऊण तास गेला.